वाचक विचारतात : पेनरिनच्या फलाटावर चिटपाखरू नाही, मग तिकीट कुठे काढायचे?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पेनरिन नावाचे छोटे गाव आहे. फॅल्मथ विद्यापीठ आणि एक्सेटर विद्यापीठ यांचा सामाईक कॅम्पस तिथे आहे. खाणकाम आणि भूगर्भशास्त्र शिकवणारे जुने कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्सही २००४पासून याच आवारात असल्यामुळे मराठी मुलामुलींना हे नाव अगदीच अनोळखी नाही. गावाच्या स्टेशनवर रेल्वेचा एकही कर्मचारी नसतो. या वेळचे सगळे प्रश्न त्याच स्टेशनचे आहेत.

प्रश्न : मुलीला पेनरिन कॅम्पसला प्रवेश मिळाला आहे. ‘स्टेशनवर कोणी नसतं’ म्हणजे नेमकं काय? रात्री उतरली तर अंधारात एकटीच उभी राहायची का? (एक पालक, सांगली)

कोणी नसते याचा अर्थ तिकीटघर नाही, स्टेशनमास्तर नाही, हमाल नाही आणि चौकशीची खिडकीही नाही. ब्रिटनमध्ये स्टेशनांची ए ते एफ अशी प्रतवारी आहे. त्यातली शेवटची एफ श्रेणी कर्मचारी नसलेल्या लहान स्टेशनांचीच आहे, त्यामुळे पेनरिन काही जगावेगळे नाही. दिवे, सीसीटीव्ही, पुढच्या गाड्यांचा बोर्ड आणि ध्वनिक्षेपक हे सारे दुरून चालते.

फलाटावर पोचल्यावर सर्वांत आधी हेल्प पॉइंट कुठे आहे ते पाहून ठेवावे. खांबावर किंवा भिंतीवर बसवलेली ती एक पेटी असते, तिला माहितीचे आणि तातडीच्या मदतीचे अशी वेगवेगळी बटणे असतात. माहितीचे बटण दाबले की दूरच्या नियंत्रण कक्षातला माणूस बोलतो. पुढची गाडी रद्द झाली आहे का, बदली बस कुठे थांबणार आहे, हे त्यालाच विचारायचे. बोर्ड आणि मोबाइल अ‍ॅप वेगवेगळे सांगू लागले तर त्याचे म्हणणे धरून चालावे. रेल्वे पोलिसांना, म्हणजे ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांना, ६१०१६ या क्रमांकावर एसएमएस करता येतो. कोणी त्रास देत असेल आणि मोठ्याने बोलायची सोय नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. जिवावरचा प्रसंग असेल तर मात्र थेट ९९९.

स्टेशन निर्मनुष्य असले तरी गाडी तशी नसते. या मार्गावरच्या दोन डब्यांच्या डिझेल गाडीत चालक आणि गार्ड असे दोघे असतात. रात्रीच्या गाडीत गार्ड असेल त्या डब्यात बसावे आणि उतरण्यापूर्वी काही विचारायचे असेल तर त्यालाच विचारावे. उतरल्यावर कॅम्पस चढावर आहे आणि रस्ता साधारण पंधरा मिनिटांचा आहे. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी आधीच सांगून ठेवावी, कारण स्टेशनबाहेर रिक्षा-टॅक्सीची रांग लागलेली नसते.

प्रश्न : तिकीटघर नाही तर तिकीट गाडीत चढून काढायचं का? की विनातिकीट म्हणून पकडतील? (पुणे)

क्रम असा आहे. फोनवर आधीच ई-तिकीट काढले असेल तर प्रश्नच मिटला. नसेल आणि स्टेशनवर चालू यंत्र असेल तर गाडीत चढण्यापूर्वी यंत्रातून काढायचे. यंत्र नाही, बंद आहे किंवा तुमच्याकडचा पैशाचा प्रकार घेत नाही, अशा वेळी गाडीत चढून गार्डकडून काढायचे. मधल्या परिस्थितीत लोक चुकतात. यंत्र फक्त कार्ड घेणारे असेल आणि तुमच्याकडे रोख असेल, तर काही यंत्रांवर ‘प्रॉमिस टू पे’ नावाची पावती मिळते. ती घेऊन चढायचे आणि गार्ड भेटला की पैसे भरून तिकीट घ्यायचे. अशी पावती निघत नसेल तर बंद यंत्राचा, वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवावा. नंतर वाद झाला तर हा फोटोच बाजू मांडतो.

गार्ड आपल्यापर्यंत आलाच नाही तर? तेवढ्याने सुटका होत नाही. ट्रूरोला, म्हणजे जिथे लंडनची मुख्य गाडी मिळते त्या स्टेशनवर, उतरल्यावर तिकीट विचारले जाऊ शकते, तेव्हा स्वतःहून पुढे होऊन ‘पेनरिनहून आलो, तिकीट काढायचे आहे’ असे सांगावे. ‘कोणी मागितलंच नाही’ ही सबब तिथे चालत नाही. जिथे पेनल्टी फेअरचे, म्हणजे विनातिकीट प्रवासाच्या दंडाचे, फलक लावलेले असतात, तिथे २३ जानेवारी २०२३पासून दंड १०० पौंड अधिक एकेरी भाडे इतका आहे. २१ दिवसांत भरला तर १०० पौंडांचे ५० होतात. चार-पाच पौंडांच्या प्रवासासाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची?

ई-तिकिटाची एक अडचण आहे. फोनची बॅटरी संपली की तिकीट नसल्यातच जमा. लांबच्या प्रवासाच्या दिवशी त्याची छापील प्रत जवळ असू द्यावी, ती चालते.

जाऊन-येऊन प्रवास असेल तर ‘डे रिटर्न’चे भाडे आधी विचारावे. अशा छोट्या मार्गांवर ते बहुतेक वेळा एकेरी तिकिटापेक्षा थोडेच जास्त असते. दोन एकेरी तिकिटे काढणे म्हणजे उगाच पैसे घालवणे.

प्रश्न : स्टुडंट रेलकार्ड असूनही सकाळी सवलत मिळाली नाही असं मुलगा सांगतो. यंत्र बिघडलं असेल का? (नाशिक)

यंत्र ठीक आहे. विद्यार्थी वापरतात त्या १६-२५ रेलकार्ड या सवलत कार्डावर तिकीट एक तृतीयांशाने स्वस्त होते, पण सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सकाळी दहा या वेळेत किमान १२ पौंड भाड्याची अट आहे. सवलत वजा करून तिकीट १२ पौंडांच्या खाली जात असेल तर ते १२च्या खाली मिळत नाही. पेनरिन-ट्रूरोसारख्या जवळच्या प्रवासाचे मूळ भाडेच त्याहून कमी असते, म्हणून सकाळच्या तासाला जाताना कार्ड असून नसल्यासारखे. शनिवार-रविवारी, सार्वजनिक सुट्टीला आणि संपूर्ण जुलै-ऑगस्टमध्ये ही अट लागू नसते. (जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठालाही सुट्टी असते, हा भाग वेगळा.)

मग कार्ड घ्यावे की नाही? मार्च २०२५पासून वर्षाच्या कार्डाची किंमत ३५ पौंड आहे. लंडनहून एकदा येणे-जाणे झाले की बहुधा ते वसूल होते. फक्त रोजच्या सकाळच्या वर्गांसाठी घेत असाल तर मुळीच घेऊ नका. वय २६ किंवा जास्त असले तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला हे कार्ड मिळते, मात्र विद्यापीठाकडून तसा पुरावा द्यावा लागतो. पीएच.डी.ला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : तिथे एकच फलाट आहे आणि दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच फलाटाला एकाच वेळी लागतात असं वाचलं. हे कसं शक्य आहे? आमच्या कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला निदान दोन रूळ तरी लागतात. (रेल्वेप्रेमी, चिपळूण)

रूळ तिथेही दोनच आहेत, एकच आहे तो फलाट. या मार्गावर पाहण्यासारखे काही असेल तर ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रूरो ते फॅल्मथ डॉक्स हा मार्ग एकेरी आहे. वाटेत पेरनवेल, पेनरिन, पेनमिअर आणि फॅल्मथ टाउन ही स्टेशने लागतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. टोकाला थांबून परत फिरण्याचा वेळ धरला तर एका गाडीची फेरी सुमारे तासाभराची होते. मार्गावर क्रॉसिंगची सोय नसेल तर एका वेळी एकच गाडी धावू शकते, म्हणजे साधारण तासाला एक. कॅम्पस वाढला तशी ही तासाची खेप अपुरी पडू लागली. मार्ग दुहेरी करायचा तर पुलांचा आणि खोदाईचा खर्च अफाट. त्याऐवजी मार्गाच्या मध्याजवळ असलेल्या पेनरिनला लूप घातले, म्हणजे गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे म्हणून थोड्या अंतरापुरता दुसरा रूळ टाकला. १८ मे २००९पासून ते वापरात आले. त्यावर सुमारे ७८ लाख पौंड खर्च झाले आणि त्यात युरोपीय निधीचा वाटा मोठा होता. आता दोन गाड्या एकाच वेळी धावतात, पेनरिनला एकमेकींना भेटतात आणि अर्ध्या तासाला एक गाडी मिळते.

आता फलाटाचे गणित. नेहमीच्या पद्धतीत लूपच्या दोन बाजूंना दोन फलाट आणि त्यांच्यामध्ये पादचारी पूल लागतो. पूल आला की चाकाची खुर्ची, बाबागाडी आणि वयस्कर माणसे यांच्यासाठी उतार किंवा लिफ्ट लागते. कर्मचारी नसलेल्या स्टेशनवर लिफ्ट बसवायची तर तिची देखभाल कोण करणार? पेनरिनला हा सगळा व्याप टाळला. असलेला फलाट लांबवला आणि त्याचे दोन भाग मानून त्यांना वेगळे क्रमांक दिले. फलाटाच्या अर्ध्या भागाशेजारी लूप आहे, उरलेला भाग एकेरी रुळाला लागून आहे. एक गाडी लूपमधल्या भागाला लागून उभी राहते. दुसरी गाडी लूपच्या पलीकडच्या रुळाने तिच्या बाजूने जाते आणि प्रवाशांची चढउतार करते ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. प्रवाशाला रूळ ओलांडावे लागत नाहीत, एकही पायरी चढावी लागत नाही. दोन डब्यांची गाडी जेमतेम चाळीस मीटर लांब असते, म्हणूनच हे जमते. आपल्याकडच्या बारा-पंधरा डब्यांच्या पॅसेंजरला हा डाव लावायचा म्हटले तर अर्धा किलोमीटरहून लांब फलाट बांधावा लागेल.

प्रवाशाच्या दृष्टीने यात एकच खोच आहे. ‘फलाट एकच आहे, कुठेही उभे राहिले तरी चालेल’ असे समजून माणूस चुकीच्या टोकाला थांबतो. मग समोर गाडी दिसते म्हणून तिच्यात चढतो आणि फॅल्मथऐवजी ट्रूरोच्या वाटेला लागतो. बोर्डावर आपल्या गाडीपुढे लिहिलेला फलाट क्रमांक पाहायचा, त्या क्रमांकाच्या पाटीखाली उभे राहायचे, आणि चढताना गाडीच्या कपाळावरचे गावाचे नाव वाचायचे. दुसऱ्या टोकाकडे धावत जायची वेळ आली तर हाताशी मिनिटभरच असतो.

प्रश्न : एक गाडी दहा मिनिटं उशिरा असली की पुढच्याही दोन-तीन बिघडतात असा अनुभव मुलगी कळवते. अशा छोट्या मार्गावर एवढं का व्हावं? (ठाणे)

वरच्या उत्तरातल्या लूपचीच ही दुसरी बाजू. दोन गाड्या पेनरिनला भेटल्याशिवाय कोणतीच पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढचा रूळ समोरच्या गाडीने अडवलेला असतो. एक उशिरा आली की दुसरी वाट पाहत उभी राहते आणि उशीर तिलाही लागतो. शेवटच्या स्टेशनावर परत फिरण्यासाठी ठेवलेला वेळ थोडा असतो, तेवढ्यात दोन-चार मिनिटे भरून निघतात, दहा निघत नाहीत. अशा वेळी एखादी फेरी रद्द करून वेळापत्रक सावरले जाते. तुमचीच फेरी रद्द झाली तर पुढची अर्ध्या तासाने असते. परीक्षेला, मुलाखतीला किंवा पुढची लांबची गाडी पकडायला निघताना एक गाडी आधीची धरावी.

शरद ऋतूतले कारण वेगळेच असते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास झाडांची पाने रुळांवर पडतात, चाकांखाली चिरडतात आणि पावसाच्या ओलाव्याने त्यांचा काळा, गुळगुळीत थर रुळाला धरतो. तो इतका निसरडा असतो की चाके गरगरतात आणि ब्रेक लावला तरी गाडी सरकत राहते. चढ-उतार आणि झाडी असलेल्या मार्गांवर चालक मग हळू जातो, लवकर ब्रेक लावतो आणि वेळ जातो. उपाय म्हणून रात्री किंवा पहाटे खास गाड्या फिरवून जोरदार दाबाच्या पाण्याने रूळ धुतात. त्यावर वाळू मिसळलेला जाडसर द्रव सोडतात, म्हणजे पकड येते. ‘पानांमुळे गाडी उशिरा’ ऐकून आपल्याला हसू येते, पण कारण खरे आहे.

उशिराचे पैसे परत मिळतात, तेही आठवणीने मागावे. इथल्या गाड्या चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीच्या ‘डिले रिपे’ योजनेत १५ ते २९ मिनिटांच्या उशिराला एकेरी भाड्याच्या २५ टक्के, ३० ते ५९ मिनिटांना ५० टक्के आणि एक तास किंवा जास्त झाला तर पूर्ण एकेरी भाडे मिळते. अर्ज २८ दिवसांच्या आत ऑनलाइन करायचा, तिकिटाचा फोटो जोडायचा. लंडनहून पेनरिनपर्यंत सलग तिकीट असेल तर मोजला जातो तो पेनरिनला पोचायचा उशीर. म्हणजे मुख्य गाडी दहाच मिनिटे उशिरा आली, पण त्यामुळे ट्रूरोची जोडगाडी चुकली आणि अर्धा तास बसावे लागले, तर भरपाई अर्ध्या तासाची.

प्रश्न : हीथ्रोहून पेनरिनला जाण्याचा सोपा मार्ग कोणता? बॅगा दोन, तेवीस-तेवीस किलोच्या. (कोल्हापूर)

आधी एक धोक्याची सूचना. तिकीट काढताना ‘पेनरिथ’ निवडू नका! ते स्टेशन इंग्लंडच्या पार उत्तरेला, कंब्रियात आहे. पेनरिनचा सांकेतिक शब्द पीवायएन, पेनरिथचा पीएनआर. आपल्याला पीएनआर हा शब्द इतका ओळखीचा की बोट नेमके तिकडेच जाते.

हीथ्रोहून लंडन पॅडिंग्टन गाठायचे. हीथ्रो एक्सप्रेसने पंधरा-वीस मिनिटे, एलिझाबेथ लाइनने अर्ध्या तासाच्या आसपास. एलिझाबेथ लाइन बरीच स्वस्त आहे, आम्ही तीच सुचवू. पॅडिंग्टनहून ट्रूरो साधारण साडेचार तास. तिथे फॅल्मथची गाडी पकडायची आणि पंधरा मिनिटांत पेनरिन. ट्रूरोला कर्मचारी असतात, शंका असेल ती तिथेच विचारून घ्यावी. विमान संध्याकाळी उशिरा उतरत असेल तर लंडनमध्ये हॉटेल शोधण्यापेक्षा नाइट रिव्हिएरा ही रात्रीची शयनयान गाडी बरी. शनिवार सोडून रोज रात्री पावणेबाराच्या सुमारास ती पॅडिंग्टनहून सुटते आणि सकाळी ट्रूरोला पोचते. केबिनचे पैसे वेगळे पडतात, नुसत्या आसनाचे तिकीटही मिळते.

तिकीट लंडन ते पेनरिन असे सलगच काढावे, लंडन-ट्रूरो आणि ट्रूरो-पेनरिन असे तोडून नको. सलग अ‍ॅडव्हान्स तिकिटावर मुख्य गाडी ठरलेली असते, पण तिच्या उशिरामुळे पुढची जोडगाडी चुकली तर नंतरच्या गाडीने जाता येते. अ‍ॅडव्हान्स तिकिटे सुमारे बारा आठवडे आधी खुली होतात. रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढली तर बुकिंगचे शुल्क लागत नाही. विमान उतरण्याची वेळ आणि मुख्य गाडी यांत निदान चार तास ठेवा, कारण इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो आणि ठरलेली गाडी चुकली तर अ‍ॅडव्हान्स तिकीट वाया जाते.

सामानाची मर्यादा वजनावर नाही. दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली असे तीन नग चालतात, मोठी बॅग ३० बाय ७० बाय ९० सेंटिमीटरच्या आत हवी. पेनरिनच्या छोट्या गाडीत सामानाची जागा मोजकीच असते. बॅगा दारात ठेवू नका, पुढच्या स्टेशनला तुम्हालाच त्या हलवाव्या लागतात. दार आपोआप उघडत नाही. गार्डने मोकळे केले की बटणाचा दिवा लागतो, मग बटण दाबायचे. नवखा माणूस बंद दारासमोर उभाच राहतो.

ज्यांचे वर्ग पेनरिनला नसून फॅल्मथ गावातल्या वुडलेन आवारात आहेत, त्यांनी पेनरिनला न उतरता पुढे फॅल्मथ टाउनला उतरावे.

प्रश्न : वडील चाकाच्या खुर्चीवर असतात. दीक्षान्त समारंभाला न्यायचं आहे. कर्मचारी नसताना त्यांना गाडीत चढवणार कोण? (नागपूर)

गार्ड. रॅम्प लावून चढवण्या-उतरवण्याचे काम अशा स्टेशनांवर तोच करतो. ‘पॅसेंजर असिस्ट’ अ‍ॅपवर किंवा फोनवर आधी नोंद करावी. २०२२च्या एप्रिलपासून दोन तास आधी सांगितले तरी चालते, पण लांबच्या प्रवासात दोन-तीन गाड्या बदलायच्या असतील तर आदल्या दिवशीच सांगणे शहाणपणाचे. नोंद केली नाही तरी मदत नाकारत नाहीत, फक्त ट्रूरोच्या टोकाला कोणी वाट पाहत उभे असेल याची खात्री राहत नाही. फलाटावर गाडी शिरताना गार्डला दिसेल असे उभे राहून हात करावा.

प्रश्न : आपल्याकडचे हॉल्ट असेच ना? (मिरज)

दिसायला तसेच, व्यवस्था निराळी. आपल्याकडच्या बऱ्याच हॉल्टवर तिकिटे विकायला हॉल्ट एजंट असतो. तो रेल्वेचा नोकर नसतो, विक्रीवर कमिशन घेणारा ठेकेदार असतो. त्यामुळे माणूस असतो, रेल्वेचा नसतो एवढेच. पेनरिनला तोही नाही, ते काम यंत्र, फोन आणि गार्ड यांच्यात वाटलेले आहे. ‘ब्रॉडगेज’ या शब्दाचीही गंमत आहे. १८६३मध्ये ट्रूरो-फॅल्मथ ही शाखा सुरू झाली ती २१४० मिलिमीटरच्या रुळांवर, म्हणजे आपल्या १६७६च्या ब्रॉडगेजपेक्षाही जवळजवळ अर्ध्या मीटरने रुंद. मे १८९२मध्ये सगळे रूळ आजच्या १४३५ मिलिमीटरवर आणले.

आणि कॉर्नवॉलमध्येच लू नावाच्या गावाला जाणाऱ्या शाखेवर सेंट कीन, कॉझलंड यांसारखे खरे ‘हात करा, गाडी थांबवा’ थांबे आहेत. तिथे उतरायचे असेल तर चढतानाच गार्डला सांगावे लागते आणि चढायचे असेल तर चालकाला दिसेल असा हात करावा लागतो. पेनरिन त्यांतले नाही, तिथे हात न करताही गाडी थांबते.